मळखाऊ घ्या!

...हसू नका, हसू नका! तुम्हाला सांगतो, माणसानं या वयात एक वेळ शेअर बाजारात पडावं, पण वॉटर कलर घ्यायला दुकानात जाऊ नये. आमची शेफाली... मुलगी हो, हिंजवडीला कॉम्प्युटरवर असते, नक्की काय करते ते मला अजून कळलेलं नाही... तिनंच हे खूळ काढलं. "बाबा, आई गेल्यापासून नुसते भिंतीकडे बघत बसता. इथे कर्वेनगरातच क्लास आहे, इंट्यूटिव्ह कलरचा!" म्हणजे काय? तर डोकं बंद ठेवायचं आणि आतून येईल तो रंग उचलायचा. अहो, मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म घालवला! तिथे आतून येईल तसं केलं असतं तर आख्खी खडकी वर गेली असती.

आणि रंग निवडायचा कुणी? मी? माझ्या पँटी, घरातले पडदे, सोफ्याची कव्हरं, सगळं आमच्या विजयमालानं निवडलं. दुकानात माझ्या उजव्या खांद्यामागे उभी राहायची आणि एकच म्हणायची, "अहो, मळखाऊ घ्या." दारात इंद्रधनुष्य आलं असतं तरी मळखाऊ नाही म्हणून परत पाठवलं असतं तिनं!

तर गेलो दुकानात. मालक पेपरातून मान वर न करता म्हणाले, "वड्या की ट्यूब?" मी म्हटलं, ज्यातून आतलं बाहेर येतं ते द्या. "ट्यूब. दाबली की येतं." ब्रश घेतला, जाड कागद घेतला, आता रंग. क्लासच्या बाई म्हणाल्या होत्या, डोळे मिटा, हात आपोआप जाईल. मिटले. हात निघाला... "हात लावू नका, दाखवा नुसतं!" हे मालक. आणि तेवढ्यात उजव्या कानाशी, अगदी हळू... "अहो, तो पिवळा नको. हळद सांडल्यासारखं दिसतं. मळखाऊ घ्या."

मानेवर काटा आला हो! दोन वर्षं झाली तिला जाऊन. वळून बघतो तर कुणी नाही. निळ्याकडे बोट केलं. "पहिल्या धुण्यात जाईल तो." अगं, चित्र आहे ते, धुवायचंय कुणाला? हे मी मोठ्यानं बोललो. मालकांनी पेपर खाली ठेवला. "आपण कोणाशी बोलताय?" मिसेसशी, म्हटलं. "मग त्यांना आत बोलवा की. बाहेर कशाला उभं केलंय?"

काय सांगणार, सांगा! मग आला राग. म्हटलं, आयुष्यभर तपकिरी पँटी घातल्या, आता तरी ऐकणार नाही! आणि घेतली ट्यूब, राणी कलरची. भडक! म्हटलं, बोल आता...

नाही बोलली.

रिक्षात नाही, जिन्यात नाही. घरी आल्यावर ट्यूब हवेत धरून ओरडलो, "अगं, राणी कलर आणलाय, बघितलंस का?" फ्रिज तेवढा घुरघुरत होता. तुम्हाला खरं सांगतो, तेव्हा घाबरलो. ती दुकानात बोलली तेव्हा नाही, घरात गप्प बसली तेव्हा. वाटलं, एवढ्याशा ट्यूबसाठी बायको दुसऱ्यांदा घालवली मी. टोपण उघडायला गेलो, निघेना, दाबली जोरात... आणि फचाक्! पांढऱ्या सदऱ्यावर, थेट छातीवर.

आणि उजव्या कानाशी, काय सांगू, ठणठणीत आवाज! "सांगून सांगून जीभ झिजली माझी! मळखाऊ घालायला काय होतं हो?"

ढसाढसा रडलो. आणि हसलो पण.

दुसऱ्या दिवशी जाऊन पांढरेशुभ्र सदरे घेऊन आलो, अर्धा डझन. शेफाली डोक्याला हात लावून म्हणते, "बाबा, रंगवायला बसताना कुणी पांढरं घालतं का? काहीतरी मळखाऊ घाला ना!" आता पोरीला काय सांगू... मळखाऊ घातलं की तिची आई बोलत नाही हो!