अर्धी राहिलेली फेरी

रविवारी दुपारी गावच्या बर्फाच्या रिंकवर स्केटना धार लावायला रांग होती. माझ्यापुढे म्हातारा वासिल होता आणि मशीनवर थेल्मा.

"उद्या गुडघ्याचं ऑपरेशन ना तुझं? मग धार कशाला?" थेल्माने विचारलं.

"डॉक्टर म्हणतो, यानंतर बर्फ बंद. म्हणून आजच."

"अकरा वर्षं आइस हॉकीत डाव्या बाजूने खेळलास, तरी हौस फिटली नाही?"

"ती सगळी छोट्या लीगमध्ये गं. मोठ्या लीगचा एकच सामना मिळाला."

"गोल हुकला तो ना?"

"ते सगळ्यांना सांगतो. खरं वेगळंच आहे. सामन्याआधी सरावाला निघालो, तर पोरं म्हणाली, 'तू हो पुढे, आम्ही आलोच.' मी सुटलो. मागे बघतो तर कुणीच नाही!"

"अरे, पहिल्या सामन्याला नव्या पोराला पहिली फेरी एकट्यालाच मारू देतात. तेवढा मान असतो त्याचा."

"मला कुठे ठाऊक! बर्फ सायीसारखा, एक ओरखडा नाही. एवढी माणसं, पण मला ऐकू येत होते फक्त माझे स्केट. वाटलं, आपण चुकून भलत्याच वेळी घुसलो. अर्ध्यातनंच पळत परत आलो."

"अरे देवा!"

"अजून स्वप्नात तिथपर्यंतच जातो बघ."

"हं, घे. नखावर बघ धार."

"झकास. बर्फ कसा आहे?"

"आत्ताच गुळगुळीत केलाय. कुणी उतरलेलं नाही."

"तुम्ही येताय ना?"

थेल्माने मशीन बंद केलं.

"तू हो पुढे, आम्ही आलोच."

स्केट बांधून फाटकात ताटकळलेली सगळी माणसं बाजूला झाली. वासिल बर्फावर उतरला. त्याच्यामागे कुणीच गेलं नाही.