हृदय खोडलेली पाटी

नाही, बसत नाही मी. बसले की ही उठते — खांद्यावर उभी धरली की जरा बरा श्वास घेते, म्हणून उभीच आहे. ओळखलंत ना? ओळखलंतच, दारात बघूनच चेहरा उतरला तुमचा. शिवानी. मुकुलची आई. मेडिकल कौन्सिलच्या सुनावणीला समोरच्या बाकावर बसलेले, नवऱ्याच्या, सूरजच्या शेजारी. ही दुसरी. नीरजा. बारसं नाही केलं हिचं, घरातल्या घरात नाव ठेवलं — मुकुलच्या वेळी मांडव घातलेला, ह्या वेळी सासूबाईच म्हणाल्या, गाजावाजा नको. नको, डॉक्टर, तुम्ही काही बोलू नका आधी. मला बोलू द्या, नाहीतर मी तशीच मागे फिरेन.

एक सांगते, माफी मागायला नाही आलेले. तक्रार केली ती बरोबरच केली. पाटीवर लिहिलेलंत ना तुम्ही — बालहृदयरोगतज्ज्ञ? ते वाचूनच तर आम्ही जिना चढलेलो. सूरज लिफ्टचं काम करतो, घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये. तिथे लिफ्टला हात लावायचा तर लायसनवाला माणूस लागतो, साधा वायरमन चालत नाही, मग तो कितीही हुशार असू दे. तेच बोलला ना तो तिथे — साहेब, लिफ्टला लायसन लागतं आणि माझ्या पोराच्या हृदयाला लागत नाही? आणि मग तुमचा वकील बाही ओढत होता तरी तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, लहान मुलांच्या हृदयाचं वेगळं शिक्षण इथे सुरू झालं तेव्हा माझी चाळिशी उलटलेली, मुंबईत मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली उभा राहून जे शिकलो ते शिकलो, कागद नाही माझ्याकडे. आणि म्हणालात, ह्या बाळाचं माझ्याकडून सुटलं. हृदयाला रक्त देणारी नस चुकीच्या जागेवरून निघालेली, ती मला मशीनवर दिसली नाही, हृदय अशक्त आहे असं समजून मी औषधं देत राहिलो. त्याला ऑपरेशन होतं, म्हणालात. होतं! — मला उठून तुमच्या तोंडात मारावंसं वाटलेलं. आणि अजून एक वाटलेलं, ते राहू दे.

हिचं ना, दूध ओढताना कपाळ भिजतं. थंडीतसुद्धा. दोन घोट ओढते आणि सोडते, धाप लागते, परत रडते. सासूबाई म्हणतात, तुला सगळीकडे मुकुलच दिसतो. दिसतोच! काय चुकलं? नेली कोळसेवाडीतल्या डॉक्टरकडे, ते म्हणाले हृदयात जादा आवाज येतोय, इको, ती हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. कुठे करू? तर म्हणाले, पूर्वी पारनाक्याला वर्तकांकडे पाठवायचो, पण कोणीतरी त्यांची तक्रार केली, आता ते बंद झालं. कोणीतरी! मी समोर बसलेले, डॉक्टर. पदर सारखा केला आणि बाहेर पडले. मग डोंबिवलीत मोठ्यांच्या हृदयाचे एक आहेत, त्यांच्याकडे मशीन आहे, तर ते म्हणतात, एवढ्या लहान बाळाला मी हात लावत नाही, वर्तकांचं काय झालं बघितलंत ना? म्हणजे तुमचं झालं आणि बाकीच्यांनी हात आखडता घेतला. ठाण्याला त्या डिग्रीवाल्या मॅडम आहेत, त्यांची तारीख मिळाली ती पुढच्याच्या पुढच्या महिन्याची. त्यांना तरी काय बोलणार, एवढ्या सगळ्या गावांची पोरं एकट्या त्यांच्या दारात! मुंबईला गेले, सकाळपासून रांगेत उभी, आमचा नंबर यायच्या आधीच खिडकी बंद — सोमवारी या. सोमवारपर्यंत हिनं काय करायचं? हिला सांगू का, सोमवारपर्यंत दम धर म्हणून?

म्हणून आले. खाली तुमची पाटी बघितली. मधलं ‘हृदय’ तेवढं पांढऱ्या रंगानं मारलंय ना — बाल आणि रोगतज्ज्ञ यांच्यामध्ये मोकळी जागा. नवीन पाटी तरी करायची. मी थांबून बघत बसले, मला वाटलेलं बरं वाटेल. नाही वाटलं. वाईटपण नाही वाटलं. नियम पाहिजेच, डॉक्टर. शिकलेला माणूस पाहिजे आणि तो खरंच शिकलाय हे कोणीतरी तपासलेलं पाहिजे, नाहीतर आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं? पण नियम केला तर माणसंही द्या ना! तुमचं दार बंद केलं ते केलं, दुसरं कुठलं उघडलं?

सूरजला माहीत नाही मी इथे आलेय. कळलं तर — नाही, मारणार वगैरे नाही तो. रडेल. तुम्हाला वाटतं ना, तक्रार त्याची? तो तर म्हणत होता, सोड गं, पोरगं गेलं, आता कोणाचं वाटोळं करून काय मिळणार? मीच लावलं त्याला. मी जेवले नाही, बोलले नाही, त्याच्याशेजारी झोपले नाही, तेव्हा त्यानं सही केली. आणि आज परत तीच वेळ आली तर परत तेच करेन. तोंडावर सांगते तुम्हाला. तरीपण हिला बघा. इकोचं मशीन आता नाही तुमच्याकडे, माहितीय मला. नुसतं कानानं ऐका. तुम्ही तिथे सगळ्यांसमोर म्हणालात ना, माझ्याकडून सुटलं — तेव्हा मारावंसं वाटलं आणि त्याच क्षणी वाटलं, हा माणूस मला खोटं सांगणार नाही. बाकी सगळे गोल गोल बोलतात हो. मला एवढंच — डॉक्टर, हे माझ्यातनं येतं का? पोटात असतानाच मी काही — दोघांना एकीच्याच पोटातनं — मानेनं सांगा नुसतं. नाही? नक्की नाही? तुम्ही मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना —

बरं. बरं, रडत नाही. घ्या, डोकं सांभाळा. झबलं वर करू? थांबा, नाडी सुटत नाही, मीच गाठ मारलेली... पाय गार वाटतायत का हो तुम्हाला? सकाळपासून गारच आहेत. पोट का दाबून बघताय? यकृत? ते वाढतं का ह्याच्यात? — हो, गप्प राहते.

. . .

कोणाला लावताय फोन? ठाण्याच्या मॅडमना?... असं कशाला सांगताय त्यांना? ‘मी तज्ज्ञ नाही, साधा बालरोगवाला आहे, पण माझं ऐका, हिला आज बघा’ — असं नका ना बोलू, डॉक्टर. वयानं केवढ्या लहान त्या तुमच्यापेक्षा. त्या ओरडतायत का तुमच्यावर? नाही? घेतायत? आज?

आज म्हणजे आत्ता? दुर्गाडीच्या पुलावरनं, कोन गावातनं? तुमची गाडी कशाला, मी रिक्षा — बरं. बरं, तुम्ही म्हणाल तसं. सूरजला फोन करते, तिथेच आहे तो घोडबंदरला, मधेच उतरेल काम सोडून. काय सांगू त्याला, कोणी पाठवलं? सांगू तुमचं नाव? मला कळत नाही काही, डॉक्टर. किती वाईट आहे ते तरी —

जाते. जाते ना. फक्त पाच मिनिटं कोपऱ्यात बसून पाजते हिला, भूक लागलीय, बघा कशी मूठ चोखतेय.

उपाशीच न्यायची, ऑपरेशनला नेतात तशी? पाजायचंपण नाही?