मसुरात पाणी किती?

(संध्याकाळचे सहा. फोन ओट्यावर, स्पीकर चालू. शेगडीवर पातेलं उकळतंय.)

लेक : अहो बाबा, रोज काय तेच? एक वाटी मसूर, तीन वाट्या पाणी. चाळीस दिवस घसा फोडून सांगतेय!

बाबा : तीन होय? मला वाटलं दोन.

लेक : छापखान्यात तीस वर्षं खाऊची पाकिटं छापलीत, कधी एक काना चुकला नाही तुमचा. आणि मसूर तेवढे डोक्यात शिरत नाहीत?

बाबा : तिथे शाईचं माप होतं गं. जेवणाचं माप तुझ्या आईकडे. ती गेली, मग पाकिटावरच होतं सगळं. ‘उकळतं पाणी ओता, तीन मिनिटं थांबा.’ तेही मीच छापलेलं.

लेक : आणि खाली बारीक अक्षरात मीठ किती, तेही तुम्हीच छापलेलं! तरी दोन वर्षं तेच खात बसलात. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना?

बाबा : आठवतंय बाई. कपाट रिकामं केलंय. गाजर, कोबी, मसूर... घराचं भाजीचं दुकान झालंय नुसतं.

लेक : मग घ्या एक गाजर. साल काढू नका, घासून धुवा.

बाबा : घासायचं कशाने?

लेक : बाबा!

शेजारीण : भाऊ, दार उघडंच होतं, आले आत. ही तुमची वाटी. काय मसूर झाले होते हो काल! पंधरा दिवस सुनेला सांगतेय, शेजारच्या भाऊंकडून शिक जरा.

बाबा : अहो, हळू... फोन चालू आहे.

शेजारीण : लेकीचा का? ऐक गं पोरी, तुझ्या बाबांच्या हाताला चव आहे हो! आजचे तर दुपारीच झाले करून, लसणाचा वास आला ना माझ्याकडे. बरं, येते मी. दार ओढून घेते.

लेक : बाबा.

बाबा : हं.

लेक : पातेल्यात काय आहे आत्ता?

बाबा : पाणी.

लेक : नुसतं?

बाबा : नुसतं. तुला उकळल्याचा आवाज यावा म्हणून.

लेक : कधीपासून येतंय तुम्हाला सगळं?

बाबा : तिसऱ्या आठवड्यातच आलं. रागावू नकोस. आधी तू महिन्यातून एकदा फोन करायचीस, ‘बरे आहात ना?’ मी बरा आहे म्हटलं की संपलं. आता वीस मिनिटं ओरडतेस माझ्यावर. घरात माणूस असल्यासारखं वाटतं. शिकलो म्हटलं असतं, तर केला असतास रोज फोन?

(फोनमधून पाकिटाची चुरचुर.)

बाबा : ठमे? आहेस ना?

लेक : आहे.

बाबा : काय खातेयस?

लेक : कुठे काय!

बाबा : मला शिकवतेस? ती चुरचुर मी झोपेतही ओळखेन. तीन थरांचं पाकीट, आतून चंदेरी. रोज सहाला ऐकतोय. बोललो नाही इतकंच.

लेक : वॉर्डातून सुटते, खोलीवर येते, उभ्याउभ्या हेच खाते आणि तुम्हाला फोन लावते. दिवसभर पेशंटना सांगायचं, हे खाऊ नका, ते खाऊ नका. आणि घरी... एकटीसाठी कोण भांडी काढणार, बाबा? माझ्याकडे तर वाटी परत द्यायलाही कोणी येत नाही.

बाबा : अगं, मग मला शिकवलंस कुठून?

लेक : वाचून. मी एकदाही केले नाहीत मसूर.

बाबा : एकदाही?

लेक : नव्या शेगडीवर अजून खोक्यातला पुठ्ठा तसाच आहे.

बाबा : तरीच! तीन वाट्या पाणी घातलं की नुसतं सार होतं. दोन दिवस पाणचट गिळलं, मग अडीचवर आलो. तुला म्हटलं नाही, वाईट वाटेल म्हणून.

लेक : अडीच?

बाबा : अडीच. आणि लसूण शेवटी.

लेक : उद्या सुट्टी आहे मला. मसूर आणते. पण फोन तुम्ही करायचा, आणि ओरडायचंही तुम्ही.

बाबा : करतो की.

लेक : मला काही लवकर जमायचं नाही हं, आधीच सांगून ठेवते.

बाबा : घाई कोणाला आहे? सहाला मी मोकळाच असतो.