टेम्प्लेटची आंघोळ

अहो, म्हणजे तुम्ही मराठी? मग मघापासून हिंदीत का झोडपताय मला, रुचिता मॅडम — मी आपला ‘जी हाँ, जी नहीं’ करत बसलोय, आणि तुम्ही निघालात कोथरूडच्या. गळ्यातल्या कार्डावर आडनाव लिहायला काय होतं हेड ऑफिसला? नाही, राग नाही, आनंद झालाय. बावीस वर्षं झाली मला नोएडात, आणि मराठी ऐकणारं माणूस कुठंय इथं? घरी कल्पना, माझी बायको, तिनं ऐकायचं कधीच सोडलंय — आणि पोरगा इथंच वाढलेला, त्याला म्हटलं ‘किंचित मीठ घाल’ तर विचारतो, ‘बाबा, किंचित कौनसा डब्बा है?’ सांगा आता. तुमच्या आधी ते वकीलसाहेब येऊन गेले, ते इंग्रजीत विचारायचे — मी तोलून मापून, एका ओळीत उत्तर. इंग्रजीत मला गोष्ट सांगताच येत नाही. हिंदीत जेमतेम. मराठी माणूस समोर आला की मात्र तोंड सुटतं, हा माझा जुना रोग आहे, ऑफिसात मला थापाड्याच म्हणतात सगळे, तुमच्या कानावर आलंच असेल. चहा घेणार? इथला चहा म्हणजे कोमट पाण्याला दिलेली धमकी असते, पण घ्या.

तर पुन्हा सांगू? सांगतो की, बिल्कुल सांगतो — टेम्प्लेट मी चढवलं. लिहून घ्या, उल्हास पेंडसे, टीम लीड. त्या हॉस्पिटलचं टेम्प्लेट, संक्रांतीच्या दिवशी दुपारी, इथं, ह्याच मजल्यावर, खिडकीजवळच्या जागेवर बसून. एकटा होतो. तिळाचा लाडू खात होतो, कीबोर्डात तीळ गेले. टीममधले बाकीचे सगळे पानिपतला गेले होते — दरवर्षी चौदा जानेवारीला इथल्या मंडळाची बस जाते काला अंबला, युद्धाच्या स्मारकावर, आमची टीम मराठी म्हणून सगळे एकदम सुटी घेतात. जयेश गेला, अनिश गेला, मृणाल गेली. मी राहिलो. गुडघा दुखत होता. हा बघा, हा डावा.

तुम्ही चौकशीला आलेल्या, टेम्प्लेट म्हणजे काय ते वकिलांना कळलं नव्हतं, तुम्हाला मी आपल्या भाषेत सांगतो. पेणला गणपतीचे कारखाने बघितलेत? माझे मामा होते तिथं — एक मूर्ती मन लावून करायची, तिचा साचा काढायचा, आणि मग त्या साच्यातून हव्या तेवढ्या मूर्ती. तसंच आहे हे. एक मशीन आम्ही नीट तयार करतो — खरंखुरं लोखंडाचं नाही, ढगातलं — त्यात सगळं भरतो, हॉस्पिटलला जे जे लागतं ते, मग ते गोठवायचं आणि प्लॅटफॉर्मवर चढवायचं. नाव द्यायचं, कुठल्या गिऱ्हाइकाला दिसावं ते सांगायचं, आणि ती हिरवी पट्टी पूर्ण होईपर्यंत बसायचं. झालं — मग फरीदाबादला बसलेल्या त्यांच्या माणसानं बटण दाबलं की त्याला तसंच्या तसं मशीन मिळतं, पुन्हा दाबलं की आणखी एक. पण — आणि इथंच सगळं आहे, मॅडम — गोठवायच्या आधी मशीनला आंघोळ घालायची असते. आमचाच शब्द. म्हणजे तयार करताना आपण जो पासवर्ड वापरला तो पुसायचा, आपल्या हाताच्या खुणा पुसायच्या. मामांच्या साच्यात एकदा कारागिराचा अंगठा उमटलेला राहिला, तर त्या वर्षी अख्ख्या रायगड जिल्ह्यात प्रत्येक गणपतीच्या सोंडेवर तोच अंगठा — लोक नवस बोलायला लागले त्या अंगठ्याला, म्हणे देवानं स्वतः टिळा लावून घेतलाय. बरं, जिल्ह्यात नाही, एका आळीत. पण आमचा अंगठा म्हणजे टीमचा पासवर्ड. चौघांचा मिळून एकच, चौघंही त्याच एका खात्यातून काम करतो, वर्षानुवर्षं तसंच चालत आलंय, वरच्यांनाही माहीत होतं. त्या टेम्प्लेटला आंघोळ राहिली. उद्या घालू म्हटलं आणि तोवर हॉस्पिटलवाल्यांनी बटणं दाबून मशीनं काढलीसुद्धा. सगळ्या दारांना एकच किल्ली, आणि ती किल्ली कुणातरी चोराच्या हाताला लागली.

हो, घरून नाही करता येत. तो प्लॅटफॉर्म बाहेरून उघडतच नाही, ह्या मजल्याच्या आतूनच उघडतो, तेवढी एक सुरक्षा आम्ही चोख ठेवलीय. म्हणून तर म्हणतो मी इथं होतो. गेटवरच्या कार्डाची नोंद? ती कुठून मिळणार, त्या आठवड्यात गेटचं यंत्रच बंद होतं — माकडांनी वायर ओढून नेली. हसू नका, ही थाप नाही, सेक्टर बासष्टमध्ये विचारा कुणालाही. एक माकड तर इतकं सरावलेलं होतं, की लिफ्टचं बटण दाबून चौथ्या मजल्यावर यायचं, अनिशच्या खुर्चीवर बसायचं, आणि अनिशपेक्षा — बरं, लिफ्टचं सोडा, पण वायर खरी आहे. आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग महिन्यानं आपोआप पुसलं जातं. म्हणून तर तुम्हाला माणसांना विचारत बसावं लागतंय ना. जयेशनं आणि अनिशनं काय सांगितलं? तेच ना, मी बसमध्ये नव्हतो म्हणून? बघा.

मृणालचं काय? तिचा काय संबंध — ती बाहेर काचेपलीकडे बसलीय म्हणून विचारताय? ती अशीच बसते, पाय जवळ घेऊन, थंडी वाजत असते तिला एसीची. तिचा काही संबंध नाही. कॉन्ट्रॅक्टवर आहे बिचारी, कायम नाही, नवरा पुण्यात, ही इथं एकटी लहान पोरीला घेऊन. तिचं नाव तुम्ही वर दिलंत तर कंपनी तिच्यासाठी साधा वकीलही उभा करणार नाही, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना करत नाहीत. माझं वेगळं आहे. माझी वर्षं भरत आलीत, पोरगा कमावता झालाय, मला कुणी तुरुंगात टाकलं तर तिथं निदान ऐकायला माणसं तरी मिळतील, उठून जाणार नाहीत. म्हणजे — मृणालचा संबंध नाही, एवढंच.

मला माहितीय ना कशासाठी आलाय तुम्ही. त्या सकाळी हॉस्पिटलच्या सगळ्या पडद्यांवर एकच लाल पान आलं, पैसे टाका नाहीतर विसरा, आणि कुणाचाच कुठलाही रिपोर्ट उघडेना. तो माणूस तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होता. वेल्डर होता, चाळिशीतला, फरीदाबादलाच कारखान्यात — त्याला कुठलं औषध चालत नाही ते त्या फाइलमध्ये होतं आणि फाइल उघडेना, डॉक्टरांनी अंदाजानं दिलं, आणि तो गेला. त्याची बायको पहिले काही दिवस आपल्या गेटबाहेर येऊन बसायची, तुम्हाला सांगितलं का कुणी? ओरडायची नाही, काही नाही. नुसती वर बघायची, ह्या काचांकडे. तिला वाटत असणार तो ढग का काय तो इथंच आहे आत कुठंतरी. मी खाली गेलो एकदा, काहीतरी बोलावं म्हणून. गेटपर्यंत गेलो, मॅडम, आणि तसाच परत आलो. आता पोलिसांना संध्याकाळपर्यंत एक नाव द्यायचंय कंपनीला. द्या ना माझं. मी देतोय, तुम्ही घ्या, तुमचीही फ्लाइट असेल.

उद्या सकाळची? अरे, मग आजचा — नाही, आज तुम्हाला वेळ कुठला. पण पुढच्या खेपेला काला अंब बघून जा, ताई. ताई म्हटलं तर चालेल ना? काय असतं म्हणजे? तसं बघायला गेलं तर काही नाही, एक विटांचा खांब आणि बाग. पण चौदा तारखेला या. कराड, सातारा, कुठून कुठून गाड्या भरून माणसं येतात फेटे बांधून, माती कपाळाला लावतात, आणि मग त्यांना कुणीतरी इथलं मराठी बोलणारं भेटलं की असे बघतात, जसा काही तेव्हापासून मागे राहिलेला भाऊच. आणि मी असल्या वेळी गप्प बसेन होय? यंदाची तर गंमत ऐकाच. धुकं एवढं, की खांब दिसत नव्हता, जयेश दोनदा जाऊन आदळला त्याच्यावर. आणि त्या धुक्यातून एक म्हातारेबुवा आले काठी टेकत, मला विचारतात, ‘तुम्ही इथलेच का हो?’ मी म्हटलं, ‘म्हणजे काय, आम्ही तेव्हाच राहिलो. आमचे मूळपुरुष सैन्याचा मुदपाकखाना सांभाळायला होते, लढाई झाल्यावर पिठल्याच्या कढईखाली लपले आणि रात्री यमुनेच्या काठानं नोएडात उतरले — तेव्हा सेक्टर नव्हते, सेक्टर आमच्या वावरात पडले नंतर.’ जयेश तिकडे तोंडात रुमाल कोंबतोय. आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी हो. काठी ठेवली, टोपी काढली आणि वाकले माझ्या पायावर. मी आपला हात वर करून उभा, त्या मूळपुरुषासारखा — आणि तेवढ्यात माझ्या खिशात कुकरची शिटी. पोरानं लावून दिलेली रिंगटोन, मला बदलता येत नाही. बघतो तर मृणालचा फोन, ‘सर, टेम्प्लेट चढवलंय, आंघोळ तेवढी राहिलीय, उद्या घालते, पाळणाघरातून फोन आलाय, मयुराला ताप आहे, निघू का?’ आता म्हातारा पायाशी, मी काय बोलणार. तसाच, हात वर, डोळे मिटून म्हटलं, ‘निघ बाळ, निघ, घरी जा.’ आणि म्हाताऱ्याला वाटलं त्यालाच म्हटलं. पूर्वजच बोलले. उठला, टोपी घातली आणि जो निघाला तो बसपर्यंत मागे वळून बघितलं नाही. काठी तिथंच राहिली, अनिश पळत देऊन आला.

हसला नाहीत.

टाइप करताय. मघापासून एक बोट हलवलं नव्हतंत तुम्ही, आंघोळ झाली, गणपती झाले, माकड झालं — आणि आता टाइप करताय. काय लिहिताय? यंदा? मी यंदा म्हटलं? चुकून म्हटलं असेल, मागच्या वर्षीचं असेल ते. मागच्या वर्षी मयुरा —

मयुराचा पहिला वाढदिवस आत्ता झाला. हो. केक आणला होता इथं.

ताई, अहो, थाप होती ती. सगळी थाप. कुठला म्हातारा आणि कुठलं काय, मी पानिपत पाहिलेलंच नाही आयुष्यात, गुडघ्यामुळे — जयेशला बोलवा, थांबा, नको, जयेशला नको. मजल्यावर कुणालाही विचारा, उल्हास पेंडसे काय सांगतो त्यातलं खरं किती असतं म्हणून. कल्पनाला फोन लावा. लग्नाआधी तिला सांगितलं होतं मी विमान चालवतो. मामांचा अंगठा खोटा, माकड खोटं, हेही तसंच समजा ना. नुसतं सवयीनं बोललो, मराठी ऐकून बरं वाटलं म्हणून बोललो. जन्मभर माझ्या एका गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला नाही, यार, आणि आज तुम्ही बसून शब्दन्‌शब्द —

फोन कशाला? त्या दिवशीचे कॉल बघायला. अच्छा. घ्या. नाही, लॉक नाहीये त्याला.

एक सांगा. वकीलसाहेब इंग्रजीत आले, तेव्हा मी एका ओळीत उत्तर दिलं. मग तुम्ही. तुम्हाला मुद्दाम पाठवलं का? इतका वेळ हिंदीत बोलून नेमकं चहाच्या वेळेला ‘मी पण मराठीच’ — कोथरूडच्या तरी आहात ना? असू द्या. नका सांगू.

हो, उठतो. हा डावा खरंच दुखतो, त्याला वेळ लागतो. तिला आत पाठवायचं ना? पाठवतो. ती बघतेय इकडंच, तिला वाटतंय झालं सगळं, सरांनी निभावलं. दार लावून घेऊ? बरं. मॅडम, जाता जाता तिला एवढंच सांगितलं तर चालेल का — हिंदीत बोल म्हणून.

नाही. बरं.