वरच्या खोलीतला परदेश

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या डॉक्टरीणबाई, दातांच्या कवळ्या करणाऱ्या या कारखान्याच्या मालकीणबाई आणि समोर बसलेले तुम्ही सगळे,

आधी क्षमा मागतो. नातीच्या निरोपाला दोन शब्द लिहून आणा, असं मालकीणबाईंनी केव्हाच सांगितलं होतं. मी लिहायला बसलो आज सकाळी. शिक्षण चौथीपर्यंत, त्यात डोक्यात काळजी.

काळजी कसली? पोरगी परक्या मुलखात कामाला निघाली. पहिला पगार महिना भरल्यावर. तोवर भाडं, खाणं, बस, सगळं साठवलेल्या पैशांत. ते मध्येच संपले तर तिने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मी घरात एवढंच विचारत होतो. जरा जास्त वेळा विचारलं असेल.

शेवटी ती म्हणाली, "आजोबा, आपल्या वरच्या खोलीत महिनाभर परदेश करून बघते." तिकडच्या महागाईत जेवढं परवडेल तेवढंच इथे आणायचं, स्वतः रांधायचं, खालून चमचाभर साखरही घ्यायची नाही. मी गुपचूप तिच्या दाराशी साखरेचा डबा ठेवला. संध्याकाळी डबा माझ्या उशाशी! "तिकडे येणार आहात का ठेवायला?"

सगळं छान चाललं होतं, आणि तिला ताप आला. औषधाचे पैसे तिने हिशेबात धरले होते. पण अंगात रांधायचं त्राणच नसेल तर काय, हे धरलं नव्हतं. मी पेज घेऊन कसाबसा जिना चढलो. दार बंद.

"मी परदेशात आहे, आजोबा."

"अगं, पेज निवतेय!"

"मग तिकीट काढून या."

सांगा मंडळी, अशा पोरीपुढे काय करायचं? बसलो पायरीवर. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "शेजारी म्हणून देताय का?"

"हो बाई, शेजारी तर शेजारी."

तेव्हा कुठे कडी निघाली.

बरी झाल्यावर तिने वाडगा परत आणला, तोही भरून. म्हणाली, "हिशेबात एक गोष्ट राहिली होती. शेजाऱ्याचा घास." त्यासाठी तिने बसचा खर्च काढून टाकला आणि उरलेला महिना इथे कामावर पायी आली. तुम्हाला वाटलं असेल, वजन कमी करतेय! महिनाअखेर पैसे पुरले. थोडे उरलेही.

माझी काळजी काही गेली नाही. ती माझ्याबरोबरच सरणावर जाईल. पण आता तिच्या शेजारी अभिमानही येऊन बसलाय.

पोरी, तो वाडगा मी तुझ्या सामानात घातलाय. बाहेर काढू नकोस. वजनात बसतो, मी तोलून पाहिलंय. तिकडे गेलीस की शेजारचं दार आधी बघून ठेव.

मालकीणबाई, तुम्ही तिच्या हाताला हे काम दिलंत, तुमचे उपकार. माझ्या तोंडातली कवळी तिनेच इथे बसून केली आहे. तेव्हा बोलण्यात काही चुकलं असेल, तर चूक माझी, कवळीची नाही, पोटात घाला.

आणि बाळ, पोचल्या पोचल्या कळव. फोनचे पैसे हिशेबात धरलेस ना?