पूल टाकणारा रणगाडा

टेंभुर्णीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक रिटायर फौजी आणि त्यांची लेक बसली होती. तिच्या मांडीवर पूल टाकणाऱ्या रणगाड्याचं छोटं मॉडेल होतं.

"पप्पा, तुम्ही चालवायचे तोच हाये. चार महिने लागले बनवायला."

"पूल उघडतो का?"

"उघडतो. हे बघा."

"बिलकुल तसाच गं! पण रंग चुकला, संध्या."

"फोटो बघून लावला की!"

"फोटो परेडचा असंल. आमची गाडी कधीच एवढी साफ नव्हती. चिखल पाह्यजे."

"एवढ्या मेहनतीवर चिखल लावू?"

"चिखल होता म्हणून तर पूल टाकायचो, बाई."

"मंग तुम्हीच लावा."

"लावतो ना. ओ कंडक्टरसाहेब, पुढं नाल्यापाशी थांबवा. आम्ही तिथंच उतरतो!"