जावईबापूंचे फ्री थ्रो

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या मोलो वस्तीचे प्रमुख श्री. एपिफानियो देलगादो; व्यासपीठावरचे मार्लिन्स बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक महोदय; आदरणीय फादर साल्वादोर; आणि खुर्च्यांवर, पायऱ्यांवर अन् थेट कुंपणावर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या निळ्या शर्टातल्या बंधुभगिनींनो,

सत्कारमूर्ती रोमुलोविषयी चार शब्द बोलावेत अशी मला विनंती झाली. खरं सांगायचं तर विनंती कुणी केली नाही, माईक मीच मागून घेतला. सासूला जावयाबद्दल बोलायला परवानगी कशाला लागते?

नऊ वर्षांपूर्वी आपल्या मार्लिन्सनी खेळाडूंच्या अदलाबदलीत रोमुलोला सिलायच्या पिवळ्या स्टॅलियन्सना देऊन टाकलं. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. माझी लेक लिगाया नवऱ्यापाठोपाठ पिवळ्यांच्या बाजूला जाऊन बसली. मी जागची हलले नाही. म्हटलं, "पोरगी दिली मी त्याला, संघ नव्हता दिला."

तेव्हापासून तो आपल्याविरुद्ध फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला, की मी बास्केटमागे उभी. लंगड्या म्हटलं, म्हाताऱ्या म्हटलं, घरी जाऊन भांडी घास म्हटलं. आणि सामना संपला की हाच म्हातारा माझ्या दारात. माझा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा आणि सख्ख्या आईला हाक मारावी तसा विचारायचा, "नानाय, बाचोय उरलंय का?" वाटीभर सूप आणि शेवया त्याच्यासाठी काढून ठेवलेल्या असायच्याच. फादर, हसू नका. माझ्या शेजारी उभं राहून तुम्ही काय ओरडायचात, ते मी इथे सांगत नाहीये.

आणि मागच्या आठवड्यात बातमी आली, रोमुलो परत! सदतिसावं वर्ष, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, पण परत आपल्याकडे! मी भर रस्त्यात नाचले, सगळ्या गल्लीनं पाहिलंय. उद्या पहिलाच सामना, तोही स्टॅलियन्सशी. मी निळा शर्ट इस्त्री करून ठेवला, लिगायाशेजारची जागा धरली. इतकी वर्षं घशात अडकलेलं त्याचं नाव एकदा मोकळेपणानं ओरडायचं, एवढीच माझी इच्छा होती.

आज सकाळी जावईबापू न्याहारीला आले आणि नुसतेच भात चिवडत बसले.

"नानाय, एक मागू? उद्या समोर बसाल?"

"समोर? पिवळ्यांत?"

"मी फ्री थ्रो घेताना आपली माणसं चिडीचूप होतात हो. त्या शांततेत माझा नेम ढळतो. तुमच्या शिव्या कानावर आल्या की घरीच आहे असं वाटतं, मग चेंडू बरोबर आत जातो."

"मेल्या, तुझा नेम चुकावा म्हणून ओरडत होते मी!"

"माहीत आहे. चुकला कधी?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. एकही आठवेना.

प्रशिक्षक महोदय मान डोलावताहेत, म्हणजे हा कट त्यांनाही ठाऊक होता. तर मंडळी, ठरलं. लिगायानं तिचा पिवळा शर्ट दिलाय, खांद्यात घट्ट होतो. मी उद्या पलीकडे असेन. त्याचं नाव घ्यायचं माझं राहिलं ते राहिलंच. तेवढं माझ्या वाटचं तुम्ही घ्या, मला पलीकडे ऐकू येईल इतक्या जोरात घ्या. वाईट वाटतंय मला, खोटं कशाला बोलू? पण पोरानं तोंडानं मागितलं, आणि ते माझ्याकडे मागितलं.

अध्यक्षांनी घड्याळाकडे न बघता मला बोलू दिलं, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. आज बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि रोमुलो, बाळा, उद्या पलीकडून मी जे जे बोलणार आहे, त्याची माफी आजच मागून ठेवते. त्यातला एकही शब्द खरा मानू नकोस. फक्त ऐकत राहा.